आठवड्याची बैठक

१९०५ सालीं शिकागोचे वकील पॉल हॅरिस यांनीं तीन मित्रांसह एक मंडळ स्थापिलें. सभा पाळीपाळीनें प्रत्येकाच्या कचेरींत भरे. म्हणून नांव पडलें 'रोटरी'. १९२९ सालीं तें मुंबईस आलें.

साप्ताहिक भोजन-भाषण ठीकच. परंतु तेवढ्यानें लोकसेवा होत नाहीं. १९८५ सालीं रोटरीनें पोलिओनिर्मूलनाचें कंकण बांधलें. सरकारी सेवकांसह स्वयंसेवक घरोघर हिंडले आणि २०१४ सालीं भारत पोलिओमुक्त ठरला.

त्याच १९८५ सालीं मिठागरांच्या मीरा-भाईंदरला नगरपरिषद मिळाली, २००२ सालीं महानगरपालिका. रस्ते-पाणी पालिका पाहील. परंतु नवागत शेजाऱ्याची विचारपूस कोणत्या ठरावानें होणार? बैठकीस हजेरी किती, यापेक्षां बैठकीनंतर किती पावलें दुसऱ्याच्या दारीं वळलीं, हीच अशा मंडळाची खरी कसोटी होय.