डॉक्टरसाहेब, जरा ऐकता का?

मी अमडापूरहून बोलते आहे. बचत गटांचं काम करते, त्यामुळे कर्जाचे हप्ते आणि दवाखान्याचा खर्च हे दोन विषय रोजच कानावर पडतात. आज दवाखान्याबद्दलच बोलायचं आहे, पण पैशाचं नाही, तिथल्या बोलण्याचं.

पेशंटशी कसं बोलायचं हे डॉक्टरांना शिकवतात, माहीत आहे का तुम्हाला? २०१९ पासून देशभरातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात तसे धडेच आले आहेत. कॉलेजात त्याला ‘एटकॉम’ म्हणतात. पेशंटचं ऐकायचं कसं, आजार साध्या भाषेत सांगायचा कसा, हे पहिल्या वर्षापासून शिकवतात. एक जण पेशंट होतो, एक जण डॉक्टर, आणि बाकीचे बघतात कुठं चुकलं ते.

१९८४ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी ७४ तपासण्यांमधलं बोलणं टेपवर ऐकलं. पेशंटनं बोलायला सुरुवात केली की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्येच बोलत होते. १८ सेकंद! आपल्याला तर पदर सावरून स्टुलावर बसायलाच तेवढा वेळ लागतो. त्यात आपली सवय अशी, की खरं दुखणं शेवटी सांगायचं. आधी डोकं, मग कंबर, आणि उठता उठता हळूच, “अंगावरून पांढरं जातं.” तोवर पुढचा नंबर आत आलेला असतो. म्हणून जे सांगायला लाज वाटते, तेच आधी सांगा.

आमच्या एका गटातल्या ताईंना बीपीची गोळी सुरू झाली. “महिन्याची देतो,” एवढंच त्यांनी ऐकलं. महिना संपला, बरं वाटलं, गोळी बंद. पुढे चक्कर येऊन पडल्या. काही त्रास नसला तरी बीपी वाढलेलं असू शकतं, गोळी आपल्या मनानं सोडायची नसते, हे त्यांना समजेल असं कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही.

सांगून झाल्यावर पेशंटकडूनच वदवून घ्यायची एक चांगली पद्धत आहे. “आता घरी गेल्यावर गोळी कशी घेणार, सांगा बरं.” डॉक्टरांनी नाही विचारलं, तर आपणच म्हणावं, “साहेब, मला काय समजलं ते सांगते, बरोबर आहे का बघा.”

जुन्या डॉक्टरांच्या वेळी हे धडे नव्हते. बाहेर रांग असते, हेही खरं. पण रांग आहे म्हणून पिशवी काढायचा सल्ला दोन वाक्यांत उरकता येत नाही. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्याची चौकशी २०१९ मध्ये सरकारला करावी लागली, ते आठवा. का काढायची? औषधानं भागेल का? नाही काढली तर काय होईल? एवढं विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. माहिती मिळणं हा पेशंटचा हक्क आहे.

पुढच्या बैठकीत वसुली झाली की आपणही सराव करू. एक डॉक्टर, एक पेशंट. आमच्या गटात करून पाहिलं, तर डॉक्टर व्हायला सगळ्याच तयार, पेशंट व्हायला एकही नाही. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.