‘सैराट’चा नाद आणि त्याचा काळ

एखादी कलाकृती ‘काळाच्या पुढे’ होती असे म्हटले जाते, तेव्हा त्या विधानात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात : तिच्या काळातील रसिकाला ती उमगली नाही, आणि पुढच्या काळाने मात्र तिचीच वाट धरली. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ या चित्रपटासाठी अजय-अतुल या संगीतकार बंधूंनी बांधलेला चार गाण्यांचा अल्बम या कसोटीला लावला, तर पहिले गृहीतक लगेच कोसळते, कारण ही गाणी पहिल्याच उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवापासून मालवाहू टेम्पोपर्यंत सर्वत्र वाजत होती. इतरत्र स्वतंत्र पॉप अल्बम जे काम करतो, ते महाराष्ट्रात बहुधा चित्रपटाच्या गाण्यांनीच केलेले असल्यामुळे या चार गाण्यांना पॉप अल्बम म्हणण्यास हरकत नसावी.

अल्बम लोकप्रिय झाला, तरी त्याच्याविषयीचे मत एकमुखी नव्हते. त्यातले ‘झिंगाट’ हे गाणे केवळ धांगडधिंगा आहे आणि त्याने मराठी गाण्याची पातळी खालावली, अशी एक तक्रार होती. चित्रपट ज्या करमाळा तालुक्यात घडतो, तेथल्या पोरापोरीच्या प्रेमासाठी थेट अमेरिकेतील वाद्यवृंद कशाला, अशी दुसरी. एका तक्रारीप्रमाणे अल्बम फार गावठी होता आणि दुसरीप्रमाणे फार परका; दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणे अवघड आहे, तथापि दोहोंच्या मुळाशी असलेली समजूत एकच होती, ती म्हणजे कोणते वाद्य कोणाच्या गोष्टीत वाजावे हे आधीच ठरलेले असते. ढोलकी-तुणतुणे तमाशाच्या फडासाठी, हलगी गावच्या मिरवणुकीसाठी आणि व्हायोलिनांचा ताफा शहरी नायक-नायिकेच्या विरहासाठी, अशी ही वाटणी होती. हलगीसारखे वाद्य पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक समाजांकडेच राहिलेले असल्याने ही वाटणी निव्वळ सांगीतिक होती, असेही म्हणता येत नाही.

परकेपणाचा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. वाद्यवृंदरचना, म्हणजे एकाच चालीभोवती निरनिराळ्या वाद्यसमूहांनी काय आणि केव्हा वाजवावे याची लिखित आखणी, मुंबईच्या चित्रपटसंगीतात रुजवली ती मुख्यतः गोव्याच्या वादकांनी. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा यांची आखणी होती, हे आता सर्वश्रुत आहे. दक्षिणेत संगीतकार इळैयराजा यांनी ‘हाऊ टू नेम इट’ (१९८६) या अल्बममध्ये कर्नाटक संगीतातील त्यागराज आणि पाश्चात्त्य संगीतातील बाख यांना एकत्र बसवले, आणि तिरुवाचकम या तमिळ भक्तिकाव्याला २००५ मध्ये बुडापेस्टच्या वाद्यवृंदाची जोड दिली. खुद्द अजय-अतुल यांनीही ‘सैराट’पूर्वीच, ‘विश्वविनायक’ या गणेशस्तुतीच्या अल्बममध्ये, सिंफनीच्या धर्तीचा नाद वापरला होता. तात्पर्य, तंत्राच्या दृष्टीने ‘सैराट’ काळाच्या पुढे नव्हता. आर्थिक ओढगस्तीमुळे कीबोर्डवरच्या नकली व्हायोलिनांवर वेळ भागवणाऱ्या मराठी चित्रपटाच्या मानाने मात्र तो निश्चितच निराळा होता.

हे निराळेपण ‘याड लागलं’ या गाण्यात जवळून पाहता येते. त्याचा वाद्यवृंद कॅलिफोर्नियातील सोनी स्कोअरिंग स्टेज येथे, म्हणजे १९३९च्या ‘द विझर्ड ऑफ ओझ’चे संगीत जेथे ध्वनिमुद्रित झाले त्याच दालनात, मुद्रित करण्यात आला. गाण्याच्या आरंभी तंतुवाद्यांचा विस्तीर्ण नाद उभा राहतो, एखादे भव्य नाट्य सुरू होत असल्याचा भास होतो, आणि त्यावर जो शब्द येतो तो ‘वेड’ नसून ‘याड’ असतो. प्रमाण मराठीतील ‘वे’चा बोलीत झालेला हा ‘या’ आजवर विनोदी पात्राच्या तोंडी किंवा लावणीच्या ठसक्यात ऐकण्याची शहरी कानांना सवय होती; येथे तो पूर्ण गांभीर्याने, हशा न मागता येतो, आणि एवढा मोठा वाद्यवृंद त्याच्या मागे अदबीने उभा राहतो. अल्बमचे खरे धाडस या एका अक्षरात आहे. ‘झिंगाट’च्या ठेक्यावर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या निम्मी जरी या अक्षरावर झाली असती, तरी चर्चा अधिक सकस झाली असती.

हे धाडस ज्याच्यासाठी होते, तो श्रोता तयारच होता. अजय-अतुल त्याच्यातच वाढले होते : वडिलांच्या महसूल खात्यातील बदल्यांमुळे या बंधूंचे बालपण जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर अशा गावांतून गेले, आणि तेथील जत्रा, बँडपथके, भजनी मंडळे हीच त्यांची पहिली शाळा ठरली. शिरूर तालुक्यातील कारेगावचा परिसर तर असा श्रोता तयार असल्याची साक्ष रोज देतो : एका बाजूला रांजणगावच्या महागणपतीची पालखी, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा, मराठवाड्यातून वा सोलापुराकडून आलेला तरुण, ज्याच्या मोबाईलमध्ये भारूड, हिंदी गाणी आणि डीजेचे रिमिक्स एकाच यादीत सुखाने नांदतात.   या श्रोत्याने वाद्यांची ती वाटणी कधीच मोडली होती. मागे राहिले होते ते ध्वनिमुद्रण, आणि त्याहून मागे समीक्षा.

दुसऱ्या गृहीतकाचे काय झाले, हे पाहिले तर चित्र संमिश्र दिसते. कन्नड ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) आणि हिंदी ‘धडक’ (२०१८) या ‘सैराट’च्या पुनर्निर्मितींनी चाली उचलल्या, ‘झिंगाट’चा ठेका वरातीत कायमचा मुक्कामाला आला, पण तेवढ्या आकाराचा वाद्यवृंद मराठीत रूढ झाला नाही; ‘धडक’मध्ये चाली आल्या, तरी ‘याड’मधला ‘या’ हिंदीत उतरू शकला नाही. अनुकरण सोपे होते त्याचेच झाले.

चित्रपटात मात्र या अल्बमविषयीचा सर्वांत कठोर अभिप्राय खुद्द दिग्दर्शकानेच दिलेला आहे. नायिका आर्ची आणि नायक परशा यांची हत्या झाल्यानंतर त्यांचे लहान मूल रक्तात पाय बुडवून घराबाहेर चालत येते, त्या अखेरच्या दृश्यात व्हायोलिन नाही, हलगी नाही, रडण्याचा आवाजही नाही. साता समुद्रापलीकडून आणलेल्या त्या साऱ्या नादाला मंजुळे यांनी तेथे पूर्ण गप्प बसवले आहे.