स्वयंपाकघराचे सव्वादोन महिने

स्वयंपाकघर नवं करायला किती दिवस लागतात? कंत्राटदार म्हणतो, १५ दिवस. आमच्याकडे सव्वादोन महिने लागले आणि कुणी आळस केला, असंही नाही.

कडाप्प्याचा जुना ओटा फोडायला २ दिवस पुरले. प्लंबर नि वायरमन यांचा आठवडा गेला. नळ, मिक्सर, फ्रिज कुठे हे तेव्हाच ठरवायचं, नाहीतर पुढे नवी टाइल फोडावी लागते.

खरा वेळ खातं ते पाणी. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारावं, असं आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगतं. मोरीत वॉटरप्रूफिंगनंतर पाणी तुंबवून २ दिवस खालच्यांचं छत बघायचं. मिस्त्री म्हणाला, "भाभी, रमजान तोंडावर आलाय, ४ दिवस बस झाले." पत्नी म्हणाली, "सहेरी बाल्कनीत करीन, ओटा कच्चा नको." तिचं बरोबर होतं. बिल्डरच्या बुटक्या ओट्याशी ३० वर्षं वाकून तिची कंबर गेली होती. नव्याची उंची तिच्या कोपराखाली चार बोटं सोडून धरली.

ट्रॉल्यांचं माप टाइल्स बसल्यावरच घेतात. अर्धा इंचही नडतो. त्या बनून यायला महिना गेला. तोवर डबे पलंगाखाली.

पहिल्या सहेरीला ट्रॉल्या आलेल्या नव्हत्या. भाकरी मात्र ती ताठ उभी राहून थापत होती.