गर्भिणी आणि प्रसादाची भांग
(वार्षिक संमेलनातील भाषण)



केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाने मेंदूविषयी बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु हा विषय आम्ही हट्टाने मागून घेतला आहे. गेल्या महाशिवरात्रीस आमच्या सूनबाईंना तिसरा महिना होता. वांत्यांनी त्या अगदी गळून गेल्या होत्या. आमच्या थोरल्या वहिनींनी त्यांच्यापुढे भांगेचा पेला ठेवला. "शंकराचा प्रसाद आहे, पोटही ठरेल," असे त्या म्हणाल्या. वहिनींपुढे आम्ही आजवर मान वर केलेली नाही. तेव्हाही गप्प राहिलो. पेला परत गेला तो सूनबाईंच्या निश्चयाने, आमच्या शहाणपणाने नव्हे.

त्या लाजेपोटी आम्ही वाचावयास बसलो. भांग, गांजा व चरस ही एकाच झाडाची पाने, फुलोरा आणि राळ. १९८५ च्या कायद्यातील गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत, हे खरे. परंतु गर्भास कायदा कळत नाही. पानांतील टीएचसी हे मादक द्रव्य वारेवाटे त्याच्यापर्यंत पोहोचतेच. ते चरबीत साठून दिवसेंदिवस राहते आणि पुढे अंगावरच्या दुधातही उतरते. मेंदूत त्यास धरून ठेवणारी स्थाने असतात व ती गर्भात चौदाव्या आठवड्याच्या सुमारासही आढळतात. निसर्गाने ती भांगेसाठी केलेली नाहीत. शरीर स्वतःच तशा जातीचे द्रव्य निर्माण करते. १९९२ साली जेरुसलेमच्या संशोधकांनी त्यास आपल्या 'आनंद' शब्दावरून आनंदामाइड हे नाव दिले. मज्जापेशींनी कोठे जावे, कोणाशी जुळावे, यात या व्यवस्थेचा हात असतो. तेथे बाहेरचे द्रव्य शिरले म्हणजे इशारे चुकण्याचा संभव.

कॅनडात ओटावा येथे १९७८ पासून अशा मातांच्या मुलांची दीर्घकाळ पाहणी झाली. एकंदर बुद्ध्यंकात फरक दिसला नाही. शाळकरी वयात अवधान व आत्मसंयमन यांत मात्र उणीव आढळली. तंबाखू, दारिद्र्य यांचा परिणाम निराळा काढणे अवघड असते, हेही येथे सांगितले पाहिजे.

'अवधान' हा शब्द वाचताच आम्हांस वर्गातील शेवटचा बाक आठवला. "लक्ष कोठे आहे?" म्हणून किती पोरांना आम्ही छड्या मारल्या! त्यांच्या मातांवर आरोप करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु लक्ष न लागण्याचे मूळ हट्टाखेरीज अन्यत्रही असू शकते, हे आम्हांस पस्तीस वर्षांत सुचले नाही.

वांत्यांवर डॉक्टरांचे औषध आहे. सूनबाईंना त्यानेच उतार पडला. वहिनींना आम्ही हे सारे वाचून दाखविले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुढल्या शिवरात्रीस थंडाई नुसती बदाम-बडीशेपेची करू."