उणे बत्तिसावे घर

जोयडा तालुक्यातील ‘बाजारकुणंग’ हे नाव शोधताना संगणक अक्षरे नव्हे, अंक पाहतो. यूटीएफ-८ पद्धतीत ‘ब’ म्हणजे २२४, १६४ व १७२. सी भाषेत ‘कॅर’ या अक्षरप्रकाराला उणे-अधिक चिन्ह असावे की नसावे, हे कंपायलरवर सोपविलेले आहे. चिन्ह असल्यास मर्यादा उणे १२८ ते १२७; मग २२४ चे उणे ३२ होतात. शोधासाठी मांडलेल्या २५६ घरांच्या कोष्टकात उणे बत्तिसावे घर कोठले? कार्यक्रम कोष्टकाबाहेरची स्मृती वाचतो. नाव निसटते किंवा कामच बंद पडते. इंग्रजी अक्षरे १२७ च्या आतली, म्हणून त्यांच्यावर घेतलेल्या चाचणीत हा दोष लपून राहतो. उपाय सोपा: कोष्टकात जाण्यापूर्वी अक्षर ‘अनसाइन्ड कॅर’ करावे आणि चाचणी देवनागरी नावांवरही घ्यावी.