पावती आमच्या हाती होती

मैत्रिणींनो, मला विषय दिलाय 'असंघटित स्त्रिया'. मी बोलणार आहे एका बंद पडलेल्या दुकानाविषयी. चालेल ना?

रहाटणी गाव 1982 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा किराणा उधारीच्या वहीवर यायचा. वही नवऱ्याच्या नावावर. पॅड आणायचे तर दुकानात पुरुष नसतील अशी वेळ गाठायची. दुकानदार ते वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरीचा माल असल्यासारखे हातात सरकवायचा.

पुढे आमच्याकडे सुपरमार्केट आलं. हसू नका, पण मला तिथे पहिल्यांदा मोकळं वाटलं. फळीवरची वस्तू आपल्या हाताने घ्यायची, छापील किंमत वाचायची, नको तर परत ठेवायची. "वहिनी, साहेबांना विचारलंत का?" असं कोणी म्हणायचं नाही. शेवटी हातात पावती. त्या पावत्या मी डब्यात साठवल्या. माझ्या हातून महिन्याला किती पैसा फिरतो, हे मला त्यांनीच दाखवलं. उधारी मात्र तिथे नव्हती. ह्यांच्या कंपनीत ले-ऑफ झाला त्या महिन्यात मी मुकाट्याने वहीवाल्याकडेच गेले, हेही सांगायला हवं.

तिथल्या मुली काळेवाडी-थेरगावच्या. दहा तास उभ्या. बसायला स्टूल नाही, बायकांसाठी संडास नाही, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नसत. मला हे वर्षभराने कळलं. गिऱ्हाईक म्हणून आपण किती आंधळ्या असतो! केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायका याच गोष्टींसाठी लढल्या. 2018 साली तिथे काम करणाऱ्यांना बसायला जागा देणं कायद्यात आलं.

2009 साली 'सुभिक्षा' या साखळीची देशभरातली सुमारे सोळाशे दुकानं बंद पडली. आमचं दुकान दुसऱ्याचं, पण तेही त्याच सुमारास मिटलं. एका सकाळी शटर खाली, मुली बाहेर उभ्या, महिन्याचा पगार आत. नायगावच्या गिरणी कामगारांनी 1948 साली 'अपना बाजार' काढला तेव्हा गिऱ्हाईक स्वतःच सभासद होतं, जाब विचारायला जागा होती. आमच्या दुकानाचा मालक आम्ही कधी पाहिलाच नाही. आम्ही अर्ज लिहायला बसलो तर पुरावा काय? एकीकडेही नेमणुकीचा कागद नव्हता. होता फक्त निळा एप्रन. मला साबणाच्या वडीचीही पावती देणाऱ्या दुकानाने त्यांना एक चिठ्ठी दिली नव्हती. तो पगार बुडाला.

गाळा बराच काळ तसाच पडून होता. आता तिथे अभ्यासिका आहे. फरशीवर फळ्यांच्या पायांचे डाग दिसतात, आणि त्यांच्यावरच टेबलं मांडून मुली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. रात्री दहापर्यंत मुली बाहेर बसतात, हे पाहून मला बरं वाटतं. संडासही बांधलाय. तो धुते कोण? त्या दुकानातल्याच मुलींपैकी एक. आता चाळिशीची. कागद याही वेळी नाही.

गेल्या रविवारी मी तिला एक वही दिली. रोजची तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहायची. तिने चार ओळी आखल्या आणि विचारलं, "ताई, सही कोणाची घेऊ?"