भीती पसरते, निर्धास्तपणा शिकावा लागतो



दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाची आहे. दूध गरम होते आणि ताक थंड असते. पण दोन्हींचा रंग एक आणि पेलाही एकच. मेंदू तेवढ्या साम्यानेच सावध होतो. या म्हणीची दुसरी बाजू मात्र सहसा ध्यानात येत नाही. त्याच माणसाने पुढे अनेकदा सुखाने ताक प्यायले, तरी दुधाचा पेला समोर आला की त्याचा हात आखडतो. भीती आपोआप पसरते. निर्धास्तपणा जिथल्या तिथे राहतो. ज्यांना लोकांच्या मनातील भीती दूर करावयाची असते, त्या शिक्षकांनी, शासकीय सेवकांनी आणि पंचायत सदस्यांनी मेंदूचा हा स्वभाव अगत्याने जाणून घ्यावयास हवा.

एक जुना प्रयोग

१९२० साली अमेरिकेतील जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनी एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अकरा महिन्यांच्या एका बालकापुढे पांढरा उंदीर ठेवण्यात येई आणि त्याच वेळी पाठीमागे पोलादी कांबीवर हातोड्याचा घाव घालून मोठा आवाज करण्यात येई. पूर्वी उंदराला न घाबरणारे ते मूल सात वेळा असे घडल्यावर नुसता उंदीर दिसताच रडू लागले. पाच दिवसांनी ते ससा, कुत्रा आणि केसाळ कोट यांनाही घाबरले. लाकडी ठोकळ्यांशी मात्र ते पूर्ववत खेळत राहिले. त्याची भीती घालविण्यापूर्वीच ते मूल रुग्णालयातून निघून गेले. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही, आणि एका बालकावरून मोठे निष्कर्षही काढता येत नाहीत. तथापि, भीती सदृश वस्तूंकडे वळते, हे पुढील अनेक प्रयोगांतून दिसून आले.

यामागे निसर्गाचा हिशेब आहे. दोरीला साप समजून मागे सरणाऱ्याचे क्षणभर हसे होते. सापाला दोरी समजणाऱ्याचा प्राण जातो.

मेंदूतील कामाची वाटणी

कानशिलांच्या आतील बाजूस, मेंदूच्या दोन्ही भागांत, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला हा लहानसा पेशीसमूह असतो. कोणत्या खुणेनंतर धोका आला, याची नोंद होण्यात त्याचा मोठा वाटा असतो. त्याच्या शेजारचा हिप्पोकॅम्पस हा भाग प्रसंग कोठे व केव्हा घडला, याचे भान राखतो. कपाळामागील भाग ‘येथे आता धोका नाही’ हे शिकून अमिग्डालाला आवर घालण्यास साहाय्य करतो.

हा आवर म्हणजे विस्मरण नव्हे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना असे आढळले होते की, प्राण्याची शिकलेली प्रतिक्रिया नाहीशी झाली, तरी काही काळ विश्रांती दिल्यावर ती पुन्हा डोके वर काढते. अमेरिकेतील मार्क बाउटन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून स्थळाचे महत्त्व स्पष्ट केले. एका पिंजऱ्यात लागलेली भीती दुसऱ्या पिंजऱ्यात शमविली, तरी मूळ पिंजऱ्यात परतताच ती जागी होई. याचा अर्थ असा की, भीतीची आठवण पुसली जात नाही. तिच्या जोडीला सुरक्षिततेची नवी आठवण तयार होते, आणि ती ज्या जागी तयार झाली त्या जागेशी अधिक बांधलेली असते.

लातूरचा भूकंप

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा प्रचंड भार यांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर अनेक गावकऱ्यांचा दगडावरचाच विश्वास उडाला. वस्तुतः दोष दगडाचा नव्हता. भिंतीच्या आरपार जाणारे जोडदगड नव्हते, मातीचा दर्जा कच्चा होता आणि भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा नव्हता. परंतु मेंदूने नोंद घेतली ती दगडाची. ज्यांनी माणसे गमावली, त्यांचा हा अविश्वास अज्ञान म्हणून हिणविणे अन्यायाचे ठरले असते.

पुढे घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण यांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. माहिती शेजारणीच्या तोंडून मिळाली आणि काम डोळ्यांदेखत झाले, म्हणजे विश्वासाला आधार मिळतो.

उपाय कोणता?

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मूल आवडीचे खाणे खात असताना ससा थोडाथोडा जवळ आणण्यात आला. न घाबरणारी मुलेही सोबत ठेवली होती. अखेरीस ते मूल सशाशी खेळू लागले. घाई नाही, बळजबरी नाही, आणि सोबत धीराची माणसे, असा हा मार्ग होता.

शाळेत गणिताच्या तासाला अपमानित झालेला विद्यार्थी त्या शिक्षकांना घाबरतो, मग गणिताला आणि कधीकधी शाळेलाच. एका प्रेमळ शिक्षकांच्या वर्गात तो खुलला, म्हणजे काम संपले असे नव्हे. दुसऱ्या वर्गात, दुसऱ्या शिक्षकांपुढे, परीक्षेतही त्याला तोच अनुभव यावा लागतो. कचेरीत एकदा झिडकारलेला ग्रामस्थ प्रत्येक कचेरीची पायरी बिचकतच चढतो. त्याचा संकोच एका गोड शब्दाने जात नाही. निरनिराळ्या मेजांवर वारंवार मिळालेल्या सौजन्याने तो ओसरतो. मध्येच एखादा कटू प्रसंग घडला, तर जुनी भीती परत येते. म्हणून भीती परतली, तर त्यात त्या माणसाचा हट्ट शोधू नये. धीराने पुन्हा आरंभ करावा.

भीती निर्माण करण्यास एक प्रसंग पुरतो. सुरक्षिततेची खात्री अनेक हातांनी, अनेक ठिकाणी, पुनःपुन्हा द्यावी लागते. लोकांमध्ये राहून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कर्तव्याचा तो भाग आहे.